सोळा कॅमेरे आणि एक निळा डबा

दशरथ: हलू नका! जिथे आहात तिथेच थांबा. तुम्ही कॅमेऱ्यात आहात.

कमळाबाई: हललंय कोण? मी तर बूड टेकून बसलीय. कोण बोलतंय?

दशरथ: मी सेक्रेटरी बोलतोय. दशरथ. तीनशे तीन.

कमळाबाई: दशरथभाऊ? अरे, या लाल बाटल्यात कसा शिरला तू?

दशरथ: ते आग विझवायचं यंत्र आहे, कमळाबाई. मी तिथे नाही. वर बघा. अजून वर. आता डावीकडे.

कमळाबाई: डावीकडं गणपती हाय.

दशरथ: त्याच्या डोक्यावर!

कमळाबाई: हा पांढरा गोळा? जल्लं मेलं, याला तोंड पण हाय?

(रविवार, सकाळचे दहा. जेसल पार्कमधल्या बिल्डिंगचा तिसरा मजला. दशरथ सोफ्यावर, हातात फोन, शेजारी त्यांची बायको उर्मिला. खाली लॉबीत मासळीची पाटी घेऊन कमळाबाई. मधे फक्त कॅमेरा.)

दशरथ: तोंड आहे, कान आहेत, डोळा आहे. तुम्ही काय करताय ते मला इथून दिसतंय, आणि अठ्ठेचाळीस घरांना आपापल्या फोनवर दिसतंय. ऐकूही येतंय. याला पारदर्शकता म्हणतात.

कमळाबाई: बरं. मग पारदर्शक खाली ये आणि तोंडावर बोल. काल रातचं माझी नात रीमा सांगते, आजी, तुझा फोटो आलाय, भोवती लाल गोल काढलाय. मना वाटलं सत्कार हाय.

दशरथ: तो फोटो फक्त सोसायटीच्या ग्रुपवर होता. रीमाकडे कसा गेला?

कमळाबाई: तुझ्याच बिल्डिंगमधल्या सात जणांनी धाडला. खाली काय लिवलंय ते तिनं वाचून दाखवलं. "संशयित महिला." या बिल्डिंगचा पाया खणत होते तवा मी मजुरांना सुकट विकलीय, दशरथभाऊ. तू तवा परळला होता. इतकी वर्सं मना मावशी बोलता आणि काल रातचं महिला?

दशरथ: कायद्याच्या भाषेत मावशी हा शब्द नाही. हे बघा, पुरावा आहे. गेल्या रविवारी, नऊ वाजून बावन्न मिनिटांनी, आपण एक पाटी घेऊन आत आलात. दहा वाजून चाळीस मिनिटांनी बाहेर गेलात, तेव्हा एक पाटी अधिक एक काळी पिशवी. त्याच्या आधीच्या रविवारीही तेच. त्याच्या आधीच्याही. मासळी विकणाऱ्या बाईची पाटी जाताना हलकी होते. तुमचं ओझं वाढतं. हे कसं?

कमळाबाई: हाय तसं.

दशरथ: पिशवीत काय होतं?

कमळाबाई: ते मना माहीत हाय.

दशरथ: आम्हालाही कळू दे.

कमळाबाई: सांगणार न्हाय. ज्याची पिशवी हाय त्याला शब्द दिलाय. तू आधी खाली ये. वर बसून काय देवासारखा बोलतंस?

दशरथ: मी सध्या एका महत्त्वाच्या कामात आहे. एक मिनिट हं. उर्मिला, वाळला का गं?

उर्मिला: विग ना?

दशरथ: हळू! फोन चालू आहे.

उर्मिला: मग बोलताय कशाला?

दशरथ: हाताने झाकलाय ना. तीस वर्षं हेडक्लार्क होतो, रिसिव्हर असाच झाकत आलो. साहेबाला कधी एक अक्षर ऐकू गेलं नाही. वाळला का सांग.

उर्मिला: पंख्याखाली ठेवलाय. पुढचा झाला, मागचा अजून ओला आहे. थंडीत वाळतात का असल्या वस्तू? मीटिंगच्या दिवशी सकाळी कुणी सांगितलं होतं धुवायला?

दशरथ: अकरा वाजता पन्नास माणसांसमोर उभं राहायचंय. जरा टवटवीत दिसावा म्हणून धुतला. ड्रायर कुठाय?

उर्मिला: माळ्यावर होता.

दशरथ: होता म्हणजे?

उर्मिला: म्हणजे, आता नाहीये.

दशरथ: बघितलंस? ड्रायरही गेला! आणि तू म्हणतेस चोर नाही. हां, कमळाबाई, बोला. हात काढला. म्हणजे, काम झालं.

कमळाबाई: सावकाश. मना घाई न्हाय. काही ओलं असंल तर वाळू दे आधी. कपडेबिपडे म्हणते मी.

दशरथ: कपड्यांचा इथे संबंध नाही. मी तुम्हाला पार्श्वभूमी सांगतो. गेल्या वर्षभरात माझ्या घरातून, माझ्या माळ्यावरून, एकेक वस्तू नाहीशी होतेय. जुन्या टीव्हीचा थर्मोकोल. एक कान तुटलेला कुकर. अकरा वर्षांची कॅलेंडरं, तारखांवर नोंदींसकट. काड्या शाबूत असलेली पण कापड नसलेली छत्री.

कमळाबाई: ती काय करणार होता तू?

दशरथ: कापड मिळालं असतं कधीतरी! शिवाय ज्या पेपरांत माझी वाचकांची पत्रं छापून आली, त्या पेपरांचा गठ्ठा. गटारांवर चार, डासांवर दोन, आणि एक भाषेच्या ऱ्हासावर. तो गठ्ठाही गेला. म्हणून मी सोसायटीच्या सभेत मुद्दा मांडला, की बिल्डिंगमध्ये पद्धतशीर चोऱ्या होतायत. म्हणून सोळा कॅमेरे लागले. गेटवर, पार्किंगमध्ये, लॉबीत, लिफ्टमध्ये, गच्चीत. मजल्यांवरही लागले असते, पण तिथे बायकांनी विरोध केला. सगळ्यात जास्त विरोध माझ्याच घरातून.

उर्मिला: अहो, विषय वाढवू नका.

दशरथ: का वाढवू नको? तीन महिन्यांनी पहिल्यांदा कुणीतरी सापडलंय.

कमळाबाई: दशरथभाऊ, मी तुला एक विचारते. पेपरातली तुझी एक चिठ्ठी, त्यात एका कोपऱ्यात तुझा फोटो पण होता काय? चश्मा लावलेला, जाड भांग?

दशरथ: होता! तुम्ही वाचलीत?

कमळाबाई: वाचता कुठं येतंय मना. असंच मनात आलं.

दशरथ: तर सदर परिस्थितीत आज अकराच्या मीटिंगमध्ये ठराव येणार आहे. तुम्हाला बिल्डिंगमध्ये प्रवेशबंदी. अजून वेळ आहे. पिशवीत काय होतं ते सांगा, मी ठराव मागे घेतो.

कमळाबाई: आणि न्हाय सांगितलं तर?

दशरथ: तर उद्यापासून वॉचमन चंदन तुम्हाला गेटवर अडवेल.

कमळाबाई: चंदन? त्याला मीच चहाला धाडलाय. थंडी हाय, बसला होता कुडकुडत. ऐक. मना या बिल्डिंगचं अर्धं पोट ठाऊक हाय. बंदी घातलीस तर माझं नुकसान हाय, मी खोटं न्हाय बोलणार. गोडदेवात बाजारात बसायला आता जागा न्हाय, आणि माझं सगळं गिऱ्हाईक हितं हाय. पण लोकं काय बोलतील त्याची मना जास्ती लागते. कमळीनं चोरी केली, असं बोलतील. माझ्या सुनंला ऐकावं लागंल. रीमाला ऐकावं लागंल.

दशरथ: मग सांगून टाका ना!

कमळाबाई: तुला ऐकायचंच हाय तर मी दुसरं सांगते. तुझा हा गोळा लागल्यापासून गिऱ्हाईक लॉबीत छत्री उघडून येतंय. एक जण हेल्मेट घालून बोंबील घेऊन गेला. मी बोलली काय? पायाचा अंगठा बघून वळखलं, तरी "कोण भाऊ तुम्ही" असं विचारलं. कोणाचा सोमवार कडक हाय आणि कोणाच्या घरी सोमवारी सुकट जाते, मना ठाऊक हाय. कोणाकडं पाव्हणे आले की पापलेट आणि पाव्हणे गेले की मांदेली, ठाऊक हाय. कोण सासूला सांगतंय भाव दोनशे आणि मना देतंय दीडशे—

उर्मिला: अहो, ग्रुप बघा ग्रुप!

दशरथ: एक मिनिट हं, कमळाबाई. काय झालं?

उर्मिला: धडाधड मेसेज यायला लागलेत. पाचशे एक म्हणतात, "मावशींना त्रास देऊ नये." दोनशे चार म्हणतात, "मावशी आमच्या आईसारख्या आहेत, विषय इथेच थांबवावा." सहाशे दोनने नुसते हात जोडलेत. आठ वेळा.

दशरथ: म्हणजे सगळे ऐकतायत!

उर्मिला: तुम्हीच म्हणालात ना पारदर्शकता.

दशरथ: चांगलं आहे. लपवण्यासारखं काही नसेल तर कॅमेऱ्याचा त्रास व्हायचं कारणच नाही. हे मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. जरा पलटून ठेव ना तो, मागची बाजू वर कर.

उर्मिला: केली. अहो, मला तुम्हाला काही सांगायचंय.

दशरथ: मीटिंग झाल्यावर.

उर्मिला: मीटिंगच्या आधीच. नीट झाका तो फोन.

दशरथ: झाकलाय. दोन्ही हातांनी.

उर्मिला: पिशव्या मी दिल्या.

दशरथ: कुणाला?

उर्मिला: मावशींना. दर रविवारी एक. माळ्यावरून काढायची, काळ्या पिशवीत भरायची आणि त्यांच्या हाती द्यायची. वर्ष झालं.

दशरथ: तू?

उर्मिला: मी.

दशरथ: चोर माझ्या घरात? माझ्या शेजारी? मला चहा देऊन?

उर्मिला: मग काय करू? सुक्या कचऱ्यात टाकलं की तुम्ही रात्री तपासणीला खाली जाता आणि वस्तू परत घेऊन वर येता. तो एक कानाचा कुकर मी चार वेळा टाकला, चार वेळा घरी आला. शेवटी मला त्याची भीती वाटायला लागली. माळा असा भरला होता की गेल्या पावसाळ्यात सुटकेस काढायला गेले तर डोक्यावर थर्मोकोल पडला. अभिनव पुण्याहून येतो तेव्हा झोपतो कुठे? त्या खोक्यांमधे. पोरगा कूस बदलायला घाबरतो.

दशरथ: आणि मी त्यासाठी सोळा कॅमेरे लावले.

उर्मिला: मी तेव्हाच सांगणार होते. पण तुम्ही सभेत इतकं छान बोललात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग राहून गेलं.

दशरथ: माझी वाचकांची पत्रं?

उर्मिला: त्यांत मावशी मासळी बांधतात. मागच्या महिन्यात आपले बांगडे आले ना, ते डासांवरच्या पत्रात होते. मी पटकन कागद चुरगाळला. आणि थर्मोकोलच्या खोक्यात त्या बर्फ घालून कोळंबी ठेवतात. तुम्हीच म्हणालात, हल्ली कोळंबी ताजी मिळते.

दशरथ: उर्मिला, थांब. गेल्या रविवारी काय दिलंस?

उर्मिला: ड्रायर. दोन चार्जर. आणि तो कोपऱ्यातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

दशरथ: निळा?

उर्मिला: निळा. उघडला नाही मी. हलका होता, म्हटलं जुन्या पावत्या असतील.

दशरथ: अगं, त्यात माझा पहिला होता!

उर्मिला: पहिला काय?

दशरथ: पहिला! अभिनवच्या मुंजीत घातलेला!

उर्मिला: तो विग? तो तुम्ही अजून ठेवलात? त्याला वास यायचा.

दशरथ: हळू! आठवण म्हणून ठेवला होता. म्हणजे तो डबा आठवडाभर कमळाबाईंच्या घरी आहे. म्हणजे तिने तो उघडला असेल. म्हणजे तिला कळलंय. उर्मिला, तिला कळलंय आणि ती खाली बसलीय आणि अठ्ठेचाळीस घरं ऐकतायत.

उर्मिला: आणि तुम्ही तिला मघापासून विचारताय, पिशवीत काय होतं ते सगळ्यांसमोर सांगा म्हणून.

दशरथ: हॅलो? कमळाबाई? आहात ना?

कमळाबाई: जाईन कुठं? मना संशयित केलंय ना तू.

दशरथ: मला एवढंच विचारायचं होतं... त्या पिशवीत, म्हणजे समजा एखादा डबा असेल, निळ्या रंगाचा, तर तो आपण उघडलात का?

कमळाबाई: कंचा डबा?

दशरथ: निळा.

कमळाबाई: निळा डबा मी पायला न्हाय.

दशरथ: पायला नाही की उघडला नाही?

कमळाबाई: दोन्ही न्हाय. निळा रंगच मना ठाऊक न्हाय.

दशरथ: कमळाबाई, तुमच्यावर चोरीचा आळ आहे. तुम्ही एक वाक्य बोललात तर सुटाल. हे तुम्हाला समजतंय ना?

कमळाबाई: आळ माझ्यावर हाय, भाऊ. डबा दुसऱ्याचा हाय.

उर्मिला: ऐकलंत?

दशरथ: ऐकलं.

उर्मिला: आता काय करणार?

दशरथ: काय करणार म्हणजे? खाली जातो. या बाईला मी लाल गोल काढला, उर्मिला. आणि ती माझ्यासाठी रंग विसरतेय.

उर्मिला: तो अजून ओलाच आहे हं.

दशरथ: असू दे. तसाच जातो.

उर्मिला: तसेच? निदान डोक्याला रुमाल तरी बांधा.

कमळाबाई: रुमाल नको देऊ गं उर्मिलाताय, गुळगुळीतावर घसरतंय.

दशरथ: कमळाबाई?

कमळाबाई: काय?

दशरथ: तुम्हाला आमचं बोलणं ऐकू येतंय?

कमळाबाई: न्हाय.

दशरथ: कधीपासून?

कमळाबाई: सुरवातीपासून काहीच ऐकू येत न्हाय.

दशरथ: पण मी हाताने झाकला होता! दोन्ही हातांनी!

उर्मिला: अहो, हा रिसिव्हर नाही. याला झाकलं तर फक्त चित्र झाकलं जातं. अरे देवा. म्हणजे मी कुकरचं बोलले तेही गेलं. थांबा, ग्रुपवर परत आलंय.

दशरथ: वाचू नकोस. नको. बरं, वाच.

उर्मिला: हंसाबेन लिहितात, "हमारे यहाँ आवाज नहीं आ रही थी." पाचशे एक, "आमच्याकडे नेट गेलं होतं." दोनशे चार, "आम्ही सगळे बाहेर आहोत." सहाशे दोन, "आवाज आला नाही, चित्रही आलं नाही, आमच्याकडे अॅपच नाही." अगोबाई, सगळ्यांनीच लिहिलंय. एकोणचाळीस जण झाले.

दशरथ: कुणीच ऐकलं नाही?

उर्मिला: राघोकाका लिहितात, "मला एक शब्दही ऐकू आला नाही. निळा डबा सापडला का?"

दशरथ: संपलं. सव्वीस वर्षं या बिल्डिंगमध्ये मी ते झाकून ठेवलं. आज सगळ्यांना कळलं.

उर्मिला: आज नाही कळलं.

दशरथ: म्हणजे?

उर्मिला: रागावणार नाही ना? तुम्ही रोज सकाळी पावणेनऊला केबिन रोडला पेपर आणायला जाता. लिफ्टमधे आरसा आहे. त्या आरशासमोर तुम्ही काय करता?

दशरथ: भांग सारखा करतो.

उर्मिला: आधी काय करता?

दशरथ: आधी जरा... उचलतो. आत घाम येतो. खाजवतो. मग बसवतो. पण लिफ्टमध्ये तर मी एकटाच असतो!

उर्मिला: लिफ्टमध्ये कॅमेरा आहे. अकरा नंबरचा. तुम्हीच लावून घेतलात. कॅमेरेवाला यतीन शिडीवर होता आणि तुम्ही खालून सांगत होतात, "जरा आरशाकडे कर, चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे."

दशरथ: तीन महिने? रोज?

उर्मिला: रविवारसकट.

दशरथ: आणि कुणी एक शब्द बोललं नाही? एवढा मोठा ग्रुप आहे! माझं साधं शुद्धलेखन चुकलं तरी चौदा जण बोलतात!

उर्मिला: पहिल्याच आठवड्यात हंसाबेन मला जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "भाभी, हम पौने नौ बजे लिफ्ट नहीं देखते." मी विचारलं, का? तर म्हणाल्या, "ऐसे ही." आणि पटकन निघून गेल्या. मग हळूहळू कळलं, त्या वेळेला कुणीच बघत नाही. राघोकाका मुद्दाम तेव्हाच देवपूजेला बसतात. पाचशे एकच्या अनुष्काने फोनमध्ये गजर लावलाय, पावणेनऊला अॅप बंद करायचा. सगळ्यांनी मिळून ठरवलंय असं नाही. प्रत्येकाने आपलं आपलं.

दशरथ: अगं, हे तर आमच्या परळच्या खोलीसारखं झालं.

उर्मिला: कसं?

दशरथ: दहा बाय बाराची खोली आणि आम्ही नऊ जण. वहिनीला कपडे बदलायचे असले की आई फक्त खाकरायची. लगेच सगळे भिंतीकडे तोंड करायचे. बाबा पेपर वाचत असले तर पेपरसकट वळायचे. कुणी कुणाला सांगावं लागायचं नाही. मी तिथे लहानाचा मोठा झालो आणि तिथे कधी कुणाचं काही दिसलं नाही मला.

उर्मिला: आणि त्या घरातल्या माणसाने सोळा कॅमेरे लावले.

दशरथ: चप्पल दे माझी. फोन तू धर. लिफ्टने जातो.

उर्मिला: जिन्याने जा की.

दशरथ: नाही. आज आरशात बघायचंय. खाजवायचंही काही नाही.

उर्मिला: मावशी, येतायत हो ते. तसेच येतायत.

कमळाबाई: येऊ दे. मी बघत न्हाय.

दशरथ: बघा कमळाबाई. बघायला हरकत नाही.

कमळाबाई: आलास? मना वाटलं तुझं डोकं मोठं असंल. बरं हाय की. छान गोल हाय.

दशरथ: तुम्ही बसा. उठू नका. मला आधी याच्याशी बोलायचंय. कुठे बघायचं असतं? गणपतीच्या वर ना. सर्व सभासदांना नम्रपणे कळवण्यात येतं की, ज्या तीन काळ्या पिशव्या... नको, साधं बोलतो. पिशव्या माझ्या घरच्या होत्या. माझ्याच बायकोने दिल्या. कमळामावशींनी एक काडी चोरलेली नाही. लाल गोल मी काढला, ती माझी चूक. अकराचा ठराव रद्द. आणि तुम्ही सगळे मला बघताय ते हे असंच आहे. मी बऱ्याच वर्षांपासून असाच आहे. धन्यवाद.

उर्मिला: अहो, ग्रुपवर सगळे म्हणतायत आवाज आला नाही.

दशरथ: आता तरी आला म्हणा! मावशींचं नाव मी साफ करतोय!

उर्मिला: थांबा. हां. तेवढंच ऐकू आलं म्हणतायत. मावशींचं तेवढं आलं. पुढचं नाही आलं.

कमळाबाई: मग झालं माझं काम. बस हितं, पायरीवर. आता त्या निळ्या डब्याचं सांगायचं हाय.

दशरथ: निळा रंग ठाऊक आहे तर तुम्हाला.

कमळाबाई: आत्ता आठवला. पण हे जल्लं वरून टक लावून बघतंय. याच्यासमोर बोलू काय?

दशरथ: एक मिनिट. चंदनचं स्टूल कुठाय? हां. धरा जरा, डुगडुगतंय. याला असं... फिरतो की. चल, तू पण भिंतीकडे तोंड कर.

उर्मिला: अहो, मला आता काही दिसत नाहीये. नुसता पांढरा रंग.

कमळाबाई: आणि ऐकू येतंय काय गं?

उर्मिला: ऐकू तर मघापासूनच येत नाही.

कमळाबाई: मग ऐक, दशरथभाऊ. डबा घरी नेला, रीमानं झाकण काढलं आणि किंचाळली, बोलली आजी, आत जनावर हाय. मी बघितलं, मना लगेच समजलं. पेपरातल्या फोटोत तोच भांग. मी झाकण लावणार, तर आमची मांजर मधे घुसली. गाभण होती. दोन दिस त्याच्यावरून हलली न्हाय. बुधवारी पिलं घातली.

दशरथ: त्यात?

कमळाबाई: त्यात. तीन हायत. एक पांढरं, दोन काळी कुळकुळीत. काळी तर त्यात शोधावी लागतात, हात फिरवून. तुला परत पायजे असंल तर देते आणून, धुऊन. पण डोळे उघडायचे हायत त्यांचे अजून.

दशरथ: नको, राहू द्या त्यातच. थंडी आहे.